टोपलीतली बाळंतीण

करडीहून बपेरा काही परदेश नाही. आमच्या गावचे लोक सोयरिकीला किंवा मयतीला सकाळी तिकडे जातात आणि दिवेलागणीला घरी असतात. पण मी कधी गेले नव्हते. माझं माहेर नदीपलीकडे, दवाखाना आणि बाजार भंडाऱ्याला, एवढ्यातच माझं जाणंयेणं. म्हणून या भादव्यात मंदाबाईंसोबत बपेऱ्याच्या पुढे जंगलाच्या कडेला राहून आले, ते मला मोठंच वाटतं. कुणाला वाचून दाखवायचं नाही, पण लिहून ठेवायचं आहे. जी बाई तिकडे गेली नाही तिला सगळं दिसावं, असं धरून लिहिते.

मंदाबाई माझ्या धाकट्या नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या शाळेत जात होत्या. आता बंगळुरूला एका मोठ्या संशोधनाच्या ठिकाणी आहेत. त्यांचं काम वासाचं. वास आत शिरल्यावर डोक्यात काय होतं, ते शोधायचं. आधी परदेशात कितीतरी वर्षं उंदरांच्या नाकावर, परत आल्यावर टोळांवर, आणि आता कोशाच्या पाखरांवर. आमच्याकडे जंगलात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या पाळतात. अळी स्वतःभोवती कोसा विणते, त्याच्या सुताचं कापड होतं. कोसा तसाच ठेवला तर आतून पाखरू निघतं, हाताच्या पंजाएवढं.

सासूबाई होत्या तोवर लोकांना सांगायच्या, "पोरगी डॉक्टर हाय." उंदरांचं नाव काढायच्या नाहीत. मी एकदा शेजारणीला खरं सांगितलं तर ती म्हणाली, "वासाचा काय अभ्यास वं? आला त आला, नाही आला त नाही आला." तेव्हापासून मी पण "नोकरी करते" एवढंच सांगते.

करडी

पोळा झाल्यावर मंदाबाईंचा फोन आला. त्यांना कोसे पाहिजे होते. माझी मावसबहीण बयना बपेऱ्याच्या पुढच्या एका लहान गावात दिलेली आहे आणि तिच्या घरी कोशाचं काम पिढ्यांपासून आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"वहिनी, बयनाले फोन करून ठेव. जित्ते कोसे पायजे म्हणा. आतलं पाखरू जित्तं. बियाण्याचे असते ना, तसे."

मी फोन केला, तर तो बयनाच्या नवऱ्यानं उचलला. परक्या माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे मला कधी एकदा ठेवते असं होतं. भाऊजी परके नाहीत, पण पुरुषमाणूस. मी घाईघाईनं म्हणाले, "आमच्या बाईले कोसे पायजे. लांब नेयाचे हायेत. चांगले द्याजो." आणि फोन ठेवला. जित्ते हा शब्द राहून गेला. तेव्हा वाटलं, कोसा म्हणजे कोसा, त्यात काय सांगायचं.

मंदाबाईंसोबत खरं तर आमचे हे जाणार होते. पण धानावर तुडतुडा आला, फवारणी सोडून जाता येईना.

"तू जा," हे म्हणाले.

"मी?"

"बयना तुही बहीण हाय का माही?"

मी पेटी उघडून ठेवणीतली हिरवी साडी काढली, डोक्याला मोगऱ्याचं तेल लावलं. यांनी मला एसटीत बसवलं आणि खिडकीतून कंडक्टरला ओरडून सांगितलं, "एक भंडारा, बाई हाय, अर्धं!" मला तोंड उघडावं लागलं नाही.

भंडारा

बसस्टँडवर मंदाबाई चाकाची बॅग घेऊन उभ्या होत्या. केस पिकलेत, पण चालणं तेच, घाईचं. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मध्येच धरलं आणि माझ्या खांद्यापाशी नाक नेऊन हसल्या.

"मोगरा. अन् डांबरगोळी. पेटीतली साडी काढली वाटते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लयच येते का?"

"येते. पण थोड्या वेळानं येणार नाही. नाकाले सवय होते. आपल्या घराचा वास आपल्याले कधी येत नाही, पाहुण्याले येते." आणि खरंच, चहा पिऊन होईपर्यंत त्या म्हणाल्या, "पाय, आता मले तू नुसती वहिनी वाटून राहिली."

बयनासाठी पितळेचा गडवा घ्यायला आम्ही बाजारात गेलो. दुकानदार गडवा पुसून म्हणाला, "असली पितळ हाय बाई, वास घेऊन पाहा."

"पितळेले वास नसते," मंदाबाई म्हणाल्या.

"मंग हा कायचा हाय?"

"तुमच्या हाताचा. घाम अन् तेल लागलं की धातू त्यातून वास काढते. नुसत्या पितळेले काहीच नाही."

दुकानदारानं गडव्याकडे पाहिलं, मग हाताकडे. "म्हंजे इतकी वर्षं मी माह्याच हाताचा वास इकून राहिलो?" आम्ही तिघंही हसलो. गडवा मात्र त्यानं रुपयानंही कमी केला नाही.

तुमसरची गाडी लागायला वेळ होता. तेव्हा बाकावर बसून मंदाबाईंनी मला सांगितलं की त्या कशासाठी आल्या आहेत. नर पाखरू मादीला वासावरून शोधतं, अंधारात, कोस-दोन कोसांवरून. नराच्या डोक्यावर पिसासारखी दोन शिंगं असतात, त्यातच त्याचं नाक. तिथं वास लागला की काय होतं, हे त्या एवढी वर्षं पाहत आहेत. पण त्यांच्याकडची पाखरं पिढ्यान् पिढ्या खोलीतच वाढलेली.

"मादी हातभर अंतरावर ठेवतो, त नर काय करते माहीत हाय? काही शोधाची गरजच नाही त्याले. वास येते, पण तो जागचा हालत नाही. घरात बसून बसून आळशी झाले."

"मंग?"

"मंग आता साहेब म्हणते, या मोसमात काम पुढं गेलं नाही त पाखरांची खोली बंद. दुसऱ्याले द्यायची. मले पोरांच्या परीक्षा पाहाचं काम." त्या हे असं बोलल्या जसं कुणी शेजाऱ्याच्या घरचं सांगतं. पण कप रिकामा झाल्यावरही त्यांनी तो हातातच धरून ठेवला होता. "रानातलं बियाणं पायजे, वहिनी. आपल्या इथलं. त्याच्यावर सगळं हाय."

मला त्याच वेळी फोनची आठवण झाली. मी गडवा पिशवीत खाली दाबून ठेवला.

बपेऱ्याच्या पुढे

तुमसर सोडलं की धान संपत नाही, पण हळूहळू त्याच्या मागे जंगल उभं राहतं. आमच्याकडे बांधावर उभं राहिलं तर दूरवर हिरवं आणि आभाळ, एवढंच. इकडे हिरव्याच्या मागे काळं हिरवं. बपेऱ्याला नदी आहे आणि पलीकडे मध्य प्रदेश. मला वाटलं होतं, पलीकडचं काहीतरी वेगळं दिसेल. तिकडेही एक बाई म्हशी धूत होती.

भाऊजी बैलगाडी घेऊन आले होते. उंच, वाळलेले, कमी बोलणारे. मी डोक्यावर पदर घेऊन मागे बसले. घरी पोचल्यावर बयना मला पाहून अंगणातच ओरडली, "आली वं माय कमली! मले वाटलं, दाराआडूनच नमस्कार पाठवशीन!" गडवा तिनं कानाशी नेऊन वाजवला आणि देवाजवळ ठेवला.

त्यांचं घर कुडाचं, सारवलेलं. पडवीत आड्याला कोशांच्या माळा टांगलेल्या, जशी आम्ही लसणाची वेणी टांगतो. ते त्यांचं बियाणं. या दिवसांत त्यातून पाखरं निघतात, जोड्या लागतात, अंडी होतात, आणि ती पानांच्या द्रोणात घालून झाडांना बांधतात. वर्षाचं पीक त्यावर.

हात-पाय धुऊन होताच भाऊजींनी आतून एक टोपलं आणलं. त्यावर स्वच्छ धडपं होतं. त्यांनी ते स्वतःच्या हातानं उचललं. आत कोसे, एकसारखे, पिवळट, चकाकणारे.

"निवडून काढले, बाई," ते मंदाबाईंना म्हणाले. "उकडून, चांगले वाळवून ठेवले. लांब जायाचे हाय म्हणे. रस्त्यात पाखरू निघालं असतं त कोसा फोडून टाकलं असतं ना."

मंदाबाईंनी एक कोसा उचलून कानाशी हलवला. आत काहीतरी सुकं खुळखुळलं. त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा तसाच राहिला, फक्त डोळे एकदा मिटून उघडले.

"खूप सुंदर हायेत, भाऊ," त्या म्हणाल्या. "एवढे निवडाले किती कष्ट घेतले असतील."

भाऊजी खूश झाले. बयना खूश झाली. मी मात्र चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारखी करत बसले.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हणाले, "बाई, मी फोनवर जित्ते म्हणाची राहून गेलो."

"असू दे वहिनी."

"त्यायच्या माळा हायेत ना, त्यातले मागाचे का?"

"नाही. ते त्यायचं पीक हाय. मी मागितलं त त्यायले नाही म्हणता येणार नाही, पाहुण्याले कोण नाही म्हणते? म्हणून मागाचंच नाही."

विहिरीवर

बयनाच्या घरी पाखरं निघायच्या दिवसांत काही नेम असतात. मासोळी नाही, फोडणी नाही, डोक्याला तेल नाही, पावडर नाही. झाडांजवळ किंवा पाखरांजवळ जायचं तर आंघोळ करून, वासाचं काही न लावता. ही त्यांची जुनी रीत. देव कोपतो असं बयना म्हणते. मंदाबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या पहिल्यांदा थोड्या खुलल्या. "आमच्या खोलीत पण हेच लिहून लावलं हाय. साबण नको, अत्तर नको. फक्त देवाचं नाव नाही लिहिलं."

माझं मोगऱ्याचं तेल अर्थात चालणार नव्हतं. बयनानं मला विहिरीवर नेलं आणि चिकणमातीनं डोकं घासलं. ती घासत होती आणि मी डोळे मिटून होते. डोळे मिटलेले असले की मला बोलणं सोपं जातं.

"बयना, ते कोसे मेलेले हायेत वं. तिले जित्ते पायजे होते."

तिचे हात थांबले. "म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. खोली, साहेब, आळशी पाखरं, फोन. पाणी गार होतं, तरी मी थांबले नाही.

"अवो माय! अन् आमी एवढे निवडून निवडून मारून ठेवले!" तिनं कपाळावर हात मारला, तिच्याच हाताची माती तिच्या कपाळाला लागली. मग ती मला हसू लागली. "तू त्याले सांग."

"तू सांग ना."

"मी कायले सांगू बापा? फोन तू केलता अन् त्यानं उचललता. तुमचं तुमी पाहा."

माझी साडी अंगणाच्या कुंपणावर टाकली आणि मी बयनाचं जुनं लुगडं नेसले. ओले केस पाठीवर सोडून मी पडवीच्या खांबाआड जाऊन उभी राहिले. भाऊजी कोशांच्या माळा वर-खाली करून पाहत होते. मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय पायजे का?"

मी खांबाकडे पाहून बोलले. जे बयनाला सांगितलं तेच, पण अर्ध्या शब्दांत. शेवटी म्हणाले, "चूक माही हाय. बाईची नाही. बाई सोता मागणार नाही. मी मागून राहिलो."

भाऊजींनी हातातली माळ जरा वर केली. "बियाण्याची पूजा झाली हाय," ते म्हणाले. "पूजा झाल्यावर बियाणं दाराच्या बाहेर जात नाही. माह्या बापानं सख्ख्या भावाले देल्लं नाही. मले नाही देता येत."

"बरं," मी म्हणाले आणि वळले.

"थांबा ना. माहं बोलून नाही झालं." ते माळ सोडून खाली बसले. "आमच्यात एक रीत हाय. मादी बाहेर फांदीले बांधाची, रानातला नर येऊन जोडी लागली त ते रानाचं. त्याच्यावर आमचा हक्क नाही. एक मादी मी बाईच्या नावानं बांधतो. रानातला आला त तिची अंडी बाईची. नाही आला त मादी माही. मंजूर?"

मी मान हलवली. मग वाटलं त्यांना दिसली नसेल, म्हणून "मंजूर" असं म्हणाले. माझा आवाज मला मोठा वाटला. आतून बयना ओरडली, "आयकू आलं बापा, सबन गावाले आयकू आलं!"

पहिली सकाळ

संध्याकाळी एक मादी कोशातून निघाली. आधी पंख ओल्या चिंधीसारखे होते, मग हळूहळू उलगडले. पिवळी, चारी पंखांवर चंद्रासारखे डाग. भाऊजींनी पंखाच्या मुळाशी सुताचा सैल फास घातला, बांबूच्या उघड्या टोपलीत काडीवर बसवली आणि अंगणातल्या ऐनाच्या फांदीला टोपली टांगली. घरचे नर आत डालीखाली झाकले.

जेवायला भात आणि लाखोळीचं वरण, फोडणी नाही, मीठ आणि हिरवी मिरची बाजूला. आमच्या घरी असं वरण वाढलं असतं तर यांनी ताट सरकवलं असतं. पण नुसत्या डाळीला आपली एक चव असते, हे मला तिथं कळलं.

जेवल्यावर बयनानं मंदाबाईंना विचारलं, "वास आला हे त्या पाखराच्या मनातलं तुमाले कसं समजते बाई?"

"त्याच्या शिंगात केसापेक्षा बारीक तार लावतो. ती तार पुढं भोंग्याले जोडतो. काही वास नसला की भोंगा गुपचूप. मादीचा वास सोडला की तडतड, तडतड. जशा लाह्या फुटते."

"म्हंजे तुमी वास आयकता?"

"हो. पंधरा-वीस वर्षांपासून मी लाह्याच आयकून राहिलो." मग म्हणाल्या, "परदेशात होतो तेव्हा लोकायले वाटे, हिचं नाक मोठं तेज असंल. माहं नाक साधंच हाय. आमच्या दादाचं तेज हाय, दूध लागलेलं त्याले वेशीवरून कळते. मले फक्त पाहाचं हाय की नाक करते काय."

आम्ही झोपलो. उजाडायच्या आधीच मंदाबाई उठून गेल्या. मी मागोमाग गेले. टोपलीत मादी एकटीच बसली होती, शेपटीचं टोक थोडं वर करून. दव पडलेलं. मंदाबाईंनी तिच्याकडे खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बोलवून राहिली हाय बिचारी. पण कोणी आलं नाही."

भाऊजी म्हणाले, "वारं नव्हतं. आज पाहू."

त्या दिवशी मंदाबाईंनी बॅग आवरायला घेतली. उकडलेले कोसे त्यांनी एकेक करून आपल्या ओढणीत गुंडाळले, एकही मागे ठेवला नाही. मी म्हणाले, "हे कायले नेता?"

"त्यायनं निवडून देल्ले ना." मग म्हणाल्या, "नाही जमलं तरी चालते वहिनी. एवढी वर्षं केलं. कमी नाही." त्या रडत नव्हत्या. पण माझ्या सासूबाई आजारात अशाच बोलायच्या, आणि मला ते बोलणं ओळखीचं होतं.

दुपारी मी बयनाचं लुगडं सोडून माझी साडी नेसायला गेले. साडी कालपासून कुंपणावरच होती. ती उचलली आणि तोंडाशी आली तसं माझं डोकं एकदम भरून आलं. डांबरगोळी! इतका दर्प की शिंक आली. काल याच साडीत मी दिवसभर होते, एसटीत, बैलगाडीत, आणि मला काही जाणवलं नव्हतं. एक दिवस बयनाच्या लुगड्यात राहिले, तर माझं नाक परकं झालं होतं.

मी साडी हातात धरून उभी राहिले. मग वर पाहिलं. ऐनाची फांदी कुंपणाच्या बरोबर वर होती. टोपली माझ्या साडीपासून दोन हातांवर.

मी धावत आत गेले. मला धावताना पाहून बयना घाबरली. "काय झालं वं? साप निघाला का?"

"बाई," मी म्हणाले, "वास घ्या."

मंदाबाईंनी साडीला नाक लावलं आणि तोंड फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग फांदीकडे. आणि त्या खळखळून हसल्या. पाणी आलं डोळ्यांत त्यांच्या. "अन् मीच तुले शिकवलं भंडाऱ्याले! नाकाले सवय होते म्हणून. तुह्याच संगं बसलो, अन् माह्याच नाकाले सवय झाली!"

"त्याच्यानंच नाही आलं का?" बयनानं विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. त्याच्यानं असेल, वाऱ्यानं असेल, रानात नरच नसेल. तपासल्याशिवाय मी नाही म्हणत." असं म्हणून त्यांनी स्वतः साडी उचलली आणि गावाबाहेरच्या नाल्यावर नेऊन झुडपावर टाकली. भाऊजींनी टोपली जागेवरून काढली आणि घराच्या मागे, जंगलाच्या बाजूच्या झाडाला टांगली. त्या दिवशी त्यांनी बिडीपण ओढली नाही.

दुसरी सकाळ

मला बयनानं हलवून उठवलं. हात धरून ओढतच नेलं. मंदाबाई आणि भाऊजी झाडाखाली उभे होते, देवळात उभं राहावं तसे.

टोपलीत दोघं होती. मादी जशीच्या तशी, आणि तिच्या मागे तपकिरी नर, लहान, एका पंखाचा कोपरा फाटलेला. त्याची शिंगं मला दिसली. मोराच्या पिसातली दांडी सोडून नुसते केस घ्यावे, तशी. एवढ्याशा नाकावर तो कुठून आला असेल, कुठली झाडं ओलांडून, आणि कुठे त्याचा पंख फाटला असेल.

"रानाचा हाय," भाऊजी म्हणाले. "आता बाईची."

मंदाबाईंनी हात जोडले. टोपलीला की भाऊजींना, ते कळलं नाही.

ऊन वर आल्यावर जोडी सुटली. भाऊजींनी नराला फांदीवर सोडलं, तो तिथंच बसून राहिला. मादीला एका लहान झाकणाच्या टोपलीत ठेवलं. ती आता अंडी घालणार होती, घरी पोचेपर्यंत थांबणार नव्हती. बयनानं फोडणीचे वास्ते केले, बांबूचे कोंब, तिखट आणि तेलात परतलेले, घरातल्या पाखरांपासून दूर, शेजारणीच्या चुलीवर. दोन दिवसांनी फोडणीचा वास आला तर आम्ही तिघी बाया हसायला लागलो.

निघताना तिनं माझी ओटी भरली आणि मग टोपलीपुढे बसून टोपलीवर पण तांदळाचे दाणे वाहिले. "लेकीवाणी जाऊन राहिली. हळद नाही लावत बाई, वास येते." उरलेले तांदूळ तिनं माझ्याच पदरात टाकले.

परत

टोपली मांडीवर घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मंदाबाईंच्या अंगाला, त्या म्हणाल्या, खोलीतल्या औषधांचा वास असतो, आणि माझ्या अंगाला आता नुसत्या चिकणमातीचा. माझी साडी पिशवीत घट्ट बांधून सगळ्यात मागे ठेवली होती.

तुमसरला गाडीत गर्दी होती. मंदाबाईंना पुढे जागा मिळाली, मला मागे, एकटीला. टोपलीत आतून बारीक टकटक येत होती. मी झाकणावर हात ठेवून होते. कंडक्टर आला. मंदाबाई दूर होत्या आणि माझ्या तिकिटाचं कुणी ओरडून सांगणारं नव्हतं.

"कुठं?" तो म्हणाला.

"भंडारा. एक. अर्धं."

"अन् टोपलीत काय हाय? कोंबडी असेल त तिचं तिकीट लागते."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नेहमी असतं तर मी पदर तोंडावर घेतला असता. पण दोन्ही हात टोपलीवर होते.

"कोंबडी नाही," मी म्हणाले. "बाळंतीण हाय."

शेजारची म्हातारी आधी हसली, मग मागचे, मग कंडक्टर. "मंग बसू दे बापा," तो म्हणाला. "बाई म्हणून अर्धं, बाळंतीण म्हणून माफ." पुढून मंदाबाई मागे वळून पाहत होत्या. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. मला कुणी काही विचारलं नाही, तरी मी म्हातारीला सगळं सांगितलं, कोशापासून डांबरगोळीपर्यंत. भंडाऱ्याच्या अलीकडचं वरठी येईस्तोवर मी बोलत होते.

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर आम्ही झाकण जरासं उचललं. बांबूच्या पट्ट्यांना अंडी चिकटली होती, मसुरीच्या दाण्यासारखी, करडी, ओळीनं. मादी कोपऱ्यात बसली होती आणि अजून घालत होती. मंदाबाईंनी झाकण जपून परत बसवलं. मग म्हणाल्या, "वहिनी, गाडीत तू कोणाशी बोलून राहिली होती?"

"कोणाशी नाही," मी म्हणाले.

त्या नागपूरच्या गाडीत बसल्या आणि मी करडीच्या.

नंतर

गेल्या मंगळवारी फोन आला. मी उचलला, हे बाजूला ताट घेऊन बसले होते. मंदाबाई मोठ्यानं बोलत होत्या, त्यांच्याकडे मागे कुणीतरी हसत होतं. अंडी फुटली. अळ्या अर्जुनाच्या कोवळ्या पानांवर चढल्या आणि खायला लागल्या. साहेबानं येऊन पाहिलं आणि खोलीचा विषय काढला नाही. मादी मात्र अंडी घालून झाल्यावर गेली, तशी ही पाखरं जातातच. उकडलेले कोसे त्यांनी टेबलावर ठेवले आहेत आणि कुणालाही हात लावू देत नाहीत.

फोन ठेवला तर हे वरणात बोट बुडवून माझ्याकडे पाहत होते. त्या दिवशी मी बयनाच्या ओटीतल्या तांदळाचा भात टाकला होता.

"काय म्हणे मंदा? अन् आज वरणाले फोडणी काहून नाही?"

"माय गेली," मी म्हणाले. "लेकरं सुखरूप हायेत. चुपचाप जेवा."